जबड्याचं दुखणं

“थांब जरा, आज मीही येतो तुझ्याबरोबर,” असं बाबा म्हणाले, आणि चपलेत सरकवलेला तिचा पाय तिथेच थिजला. बाबांनी ते अगदी सहज म्हटलं होतं. प्लास्टरच्या धुळीनं पांढरे झालेले हात नळाखाली धरून, तिच्याकडे न बघता. एरवी घरी बनलेल्या कवळ्या दंतवैद्यांकडे पोचवण्याचं काम दादाचं. पण काल पॉलिशच्या चाकावर दादाचं बोट सोलून निघालं होतं, आणि तिच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या बाईंची कवळी आज सकाळीच पोचायला हवी होती. म्हणजे वाट एकच. तेवढीच सोबत, असं आई आतून म्हणाली, आणि लेक कुठे शिकते ते एकदा डोळे भरून बघून तरी या, असंही. तिनं मान हलवली. मान हलवण्याखेरीज दुसरं काही करू शकेल असं तिच्या शरीरात त्या क्षणी काही शिल्लक नव्हतं. बरगड्यांच्या जरा खाली कुठेतरी गार पाणी साठू लागलं होतं आणि ते सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं, वर चढत होतं. कारण ज्या कॉलेजपर्यंत बाबा तिच्या सोबतीला निघाले होते, त्या कॉलेजात ती कित्येक आठवड्यांत गेलेली नव्हती, आणि घरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

बाबा हात पुसत होते. इतरांच्या घरी ज्या खोलीत पाहुणे बसतात, त्या खोलीत त्यांच्या घरी तोंडं बसत. भिंतीवरच्या फळ्यांवर शहरातल्या अनोळखी माणसांच्या जबड्यांचे पांढरे साचे मांडलेले असत, वरचा खालच्यावर टेकवलेला. कुणाचे सगळे दात शाबूत, फक्त दाढेच्या जागी खड्डा, तर कुणाच्या नुसत्याच हिरड्या, वाळूवर लाटेनं सोडलेल्या कडेसारख्या. हे साचे खोटं बोलणाऱ्याचं बोट बरोब्बर ओळखतात आणि चावतात, असं दादानं तिला लहानपणी सांगून ठेवलं होतं, आणि मोठी होईपर्यंत ती त्या फळ्यांजवळून हात पाठीमागे बांधून जात असे. त्या गोष्टीला हसण्याचं वय येऊन गेलं होतं. तरीही गेले कित्येक आठवडे, रोज सकाळी पांढरा कोट आणि डबा पिशवीत घालून ‘येते’ म्हणताना तिची बोटं आपोआप मुठीत मिटत. आजही मिटली. बाबांनी कवळी कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवली, डबी कानाशी धरून हलवून पाहिली, आतून आवाज आला नाही म्हणून समाधानानं मान डोलावली, आणि ते निघाले.

खरं म्हणजे काही घडलंच नव्हतं, आणि त्यातलं सगळ्यात भयंकर हेच होतं. काही घडलं असतं तर ते सांगता आलं असतं. कुणी अपमान केला, कुणी छळलं, अभ्यास झेपेना, असं एखादं वाक्य असतं तर ते हातात धरून ती आईसमोर उभी राहिली असती. पण झालं होतं ते एवढंच, की रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं होतं. सर किरकोळ बांध्याचे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे बाळगणारे, कधीही आवाज न चढवणारे. तिनं गणित सोडवलेलं होतं, बरोबर सोडवलेलं होतं. कसं सोडवलं ते वर्गाला सांग, इतकंच ते म्हणाले होते. ती वळली. बाकांवरच्या चेहऱ्यांची एक भिंत झाली. तिनं तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. उत्तर घशात होतं, त्याचा आकारसुद्धा तिला जाणवत होता, पण ते वर येईना. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला. ‘बस’ असं म्हणून सरांनी दुसऱ्या कुणाला तरी उठवलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप होता, खराखुरा, कपाळाला हात लावून आईनं पाहिलेला. त्याच्या पुढच्या दिवशी ताप नव्हता. पण न गेलेला आदला दिवस होता. आणि मग न गेलेल्या प्रत्येक दिवसाचं ओझं पुढच्या दिवसावर पडत गेलं. काल का नाही आलीस, या प्रश्नाला उत्तर होतं. इतके दिवस का नाही आलीस, याला उरलं नाही.

बसमध्ये बाबांनी तिला खिडकीची जागा दिली. डबी मांडीवर ठेवून तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि त्या म्हाताऱ्या बाईंविषयी ते बोलू लागले. दात गेल्यापासून बाई घरच्यांसमोरसुद्धा जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. कवळी आली की पहिलं काय करणार असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाल्या, सुनेशी भांडणार, वर्षभराचं साठलंय. बाबा हसले. तीही हसली, आणि आपलं हसू तोंडाच्या कडेला मेणासारखं गोठल्याचं तिला कळलं. तुझं काय आज, असं त्यांनी विचारलं. प्रॅक्टिकल, असं ती म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं. वर्षातलं शेवटचं प्रॅक्टिकल आज होतं. आज जो नसेल त्याचं नाव कमी होणार होतं. म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की मग ते परत भरून काढणारी माणसं तिनं कुठे पाहिली नव्हती. प्रयोगशाळेतल्या तिच्या जोडीदारणीनं हे कळवलं होतं. या मुलीला सगळा वर्ग टकळी म्हणे, कारण झोपेतसुद्धा तिचं तोंड मिटत नसावं असा सगळ्यांचा कयास होता. टकळीचे निरोप सुरुवातीला रोज फोनवर येत. ती ते उघडत नसे. न उघडलेले निरोप साठत गेले तशी तिला फोनचीच भीती वाटू लागली, आणि ती तो पिशवीच्या तळाशी पालथा घालून ठेवू लागली. हा एक निरोप तेवढा पडद्यावर आपसूक दिसून गेला. त्या दिवसापासून आजचा दिवस तिच्याकडे चालत येत होता.

तिचे दिवस मोठ्या इस्पितळाच्या बाहेरच्या दालनात जात. ही जागा तिला योगायोगानं सापडली होती. बागेत एकटी मुलगी दिसली की लोक बघतात, वाचनालयात ओळखीचं कुणी भेटतं. इस्पितळात बसलेल्या माणसाला मात्र का बसलायस असं कुणीही विचारत नाही. आज डोळ्यांच्या विभागासमोर, उद्या हाडांच्या, परवा कानांच्या, असं ती बाक बदलत राही. भिंतीवरची हृदयाची, मूत्रपिंडाची चित्रं तिला पाठ झाली होती, आणि आज काय शिकवलं असं संध्याकाळी आईनं विचारलं की त्यातलंच एखादं ती सांगे. झडपा कशा मिटतात, रक्त कुठून कुठे जातं. आई हातातलं काम थांबवून ऐके. फळ्यापाशी जी जीभ हलली नव्हती ती खोटं बोलताना एकदाही अडखळली नाही, आणि याचंच तिला अधिक भय वाटे. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं होतं, तुमचं कोण आहे आत? ‘मीच,’ असं ती म्हणून गेली. ती बाई जराशी सरकून बसली. दुपारी दालन रिकामं झालं की ती परत जाण्याची तालीम करी. ‘सर, मी…’ इथवर वाक्य येई. ओठ हलत, आवाज फुटत नसे, आणि दूरच्या बाकावरून बघणाऱ्याला वाटे की मुलगी आतल्या कुणासाठी तरी प्रार्थना करते आहे.

बस एका चौकात बराच वेळ अडकली. बाबांच्या नखांच्या कडांत गुलाबी मेण होतं, ते कधीच निघत नसे. त्या हातांकडे बघताना तिला शेजारची ती लहान मुलगी आठवली, जिची दुधाची दाढ वेळेआधीच पडली होती. बाबा तिच्यासाठी तारेचा एक इवलासा फास वळत बसले होते, आणि तेव्हा शाळेत असलेल्या हिनं त्यांना विचारलं होतं की जिथे दातच नाही तिथे तार कशाला. रिकामी जागा तशीच सोडली की शेजारचे दात तिकडे कलतात, असं बाबांनी सांगितलं होतं. ते काही वाईट नसतात, त्यांचा स्वभावच तो. मग खालून नवा दात वर येतो तेव्हा त्याला जागा उरलेली नसते. तो वाकडा येतो, नाहीतर येतच नाही. हे तेव्हा ऐकलं आणि विसरलं गेलं होतं. आता चौकात अडकलेल्या बसमध्ये ते आठवलं, आणि प्रयोगशाळेतलं आपलं स्टूल तिला स्पष्ट दिसलं. कुणाची तरी पिशवी त्यावर टेकलेली असेल. शेजारच्या जोडीची काचेची भांडी इकडे सरकली असतील, कोपरं ऐसपैस झाली असतील. कुणाच्याही मनात काही वाईट नसेल. ओळ नीट जुळून गेलेली असेल आणि तिच्यात कुठे फट दिसत नसेल.

दादाचंही असंच झालं होतं का? दादानं शाळा सोडली, असं सगळे म्हणत. डोकं नव्हतं, असं काका म्हणाले होते. मन नव्हतं, असं आई म्हणे. पण एकदा चाकावर कवळी फिरवताना, तोंडावरचा रुमाल खाली न ओढताच, तो तिला म्हणाला होता, “मी कुठे सोडली गं? मी जायचा राहिलो. दोन-चार दिवस कुणी काही म्हणालं नाही. मग कुणीतरी काही म्हणेल याचीच धास्ती बसली.” आणि तो हसला होता, कारण दादा सगळ्याला हसे. तिला आठवत होतं ते पुढचं. शाळेतून निरोप आला तेव्हा बाबा रागावले नाहीत. त्यांनी काही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या ॲप्रनशेजारी त्यांनी खुंटीवर आणखी एक ॲप्रन टांगला, नवा, घड्या न मोडलेला, आणि दादा काही न बोलता तो घालून चाकासमोर बसला. घरात त्या विषयावर एक शब्द झाला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही. माराची, आरडाओरड्याची तिला भीती नव्हती. बाबांचा हात आयुष्यात कुणावर उठला नव्हता. तिला भीती होती ती खुंटीवरच्या तिसऱ्या ॲप्रनची.

उतरल्यावर बाबा तिच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चालू लागले, जणू रस्ता तिच्या मालकीचा होता. तिनं मनाशी ठरवलं होतं: फाटकातून आत जायचं, उपाहारगृहाला वळसा घालायचा, मागच्या दारानं बाहेर पडायचं. बाबा तोवर दवाखान्याच्या गल्लीत शिरलेले असतील. पण फाटकापाशी येऊन ते थांबले. तू जा आत, मी बघतो, असं म्हणाले. इमारतीकडे मान वर करून त्यांनी तिचे मजले न्याहाळले, कुठल्या खिडकीत बसतेस ते विचारलं, आणि तिनं बोट केलेल्या खिडकीकडे ते बघत राहिले. पांढरे कोट हातावर टाकलेली मुलं दोघांना वळसा घालून आत जात होती. तिचा जबडा कानशिलांपाशी दुखू लागला. तेव्हा कुठे कळलं की बसपासून आपण दात आवळून धरले आहेत. आणि तेवढ्यात आतल्या झाडाखालून टकळी येताना दिसली. टकळीनं हिला पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचं तोंड बंद राहिलं. तिनं फक्त आपला तळहात हनुवटीखाली धरला आणि चेहरा वेडावाकडा केला. ही खूण कशाची ते हिला समजेना. टकळीच्या मागून, हातात प्रयोगशाळेच्या किल्ल्या घेऊन, सर येत होते.

पळता आलं असतं. पाय तयार होते. पण बाबांची सावली तिच्या सावलीत मिसळलेली होती, आणि ती ओलांडून जाणं तिला जमलं नाही. सर जवळ आले, थांबले. “आलीस? बरं झालं,” असं ते म्हणाले, मग बाबांकडे बघून, “आपण हिचे वडील ना? जबड्याचं कळलं मला. हिच्या मैत्रिणीनं सांगितलं, तार बांधून ठेवलीय म्हणून. आता कसं आहे?”

तिला एका झटक्यात सगळं कळलं. टकळी सरांना रोज हेच सांगत आली होती. न उघडलेल्या त्या सगळ्या निरोपांत हेच असणार: मी असं सांगितलंय, तू आलीस की असंच म्हण. दुसऱ्या कुणी कावीळ सांगितली असती, आजीचं आजारपण सांगितलं असतं. सगळं जग तेच सांगतं. पण दात करणाऱ्याच्या मुलीसाठी टकळीला सुचावा तो जबडाच, आणि तो यावा या शहरातल्या अशा एका माणसापुढे, ज्याचं अवघं आयुष्य जबड्यांत गेलं होतं. गार पाणी आता गळ्याशी आलं होतं. टकळी जमिनीकडे बघत होती. बाबांनी डबी या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांनी हिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, जबड्याकडे. साचा उजेडात धरून बघावा तसं ते बघत होते, आणि त्यांच्या नजरेखाली तिला वाटलं की आपण पांढऱ्या प्लास्टरच्या होत चाललो आहोत आणि प्रत्येक खळगा दिसतो आहे: न गेलेले दिवस, इस्पितळातले बाक, आईला सांगितलेल्या हृदयाच्या झडपा. त्यांच्या कपाळावर काहीच हललं नाही. फक्त अंगठा डबीच्या झाकणावरून एकदा फिरला, कडेकडेनं, पूर्ण. आता ते बोलतील, असं तिला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आता ते बोलणार नाहीत, असंही.

“तार काढली,” बाबा म्हणाले. “आता उघडतं तोंड. पण सवय गेलीय, सर. एकदम फार बोलायला लावू नका.” ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात असावं, कारण ते सरांऐवजी किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघून बोलले. “आणि अजिबातच बोलायला लावलं नाही, असंही नको. रोज थोडं थोडं. नुसतं राहू दिलं तर सांधा आखडतो. मग तो सुटत नाही. मी पाहिलंय.”

सरांनी मान हलवली. खिशातला एक खडूचा तुकडा काढून त्यांनी उगाच बोटांत फिरवला. म्हणजे त्या दिवशी फळ्यापाशी दुखत होतं तर, असं ते म्हणाले. आपल्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, नको तिथे उभं केलं पोरीला. त्यांना ते आठवत होतं. इतके दिवस तेही मनानं त्या फळ्यापाशी अधूनमधून जाऊन उभे राहत होते, ही गोष्ट तिच्या कधी मनातही आली नव्हती. आता बरं आहे ना, असं त्यांनी विचारलं, बाबांना नाही, तिला. तिनं तोंड उघडलं. जबड्याच्या सांध्यात खरोखरच कट् असा आवाज झाला, आणि टकळी घाईघाईनं म्हणाली की चला, उशीर होतोय. सर पुढे गेले. बाबांनी दोन बोटांनी तिची हनुवटी धरली, दात नीट मिटतात का ते बघताना ते साच्याची धरत तशी, आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. त्यांच्या बोटांना मेणाचा वास होता. “जा,” एवढंच ते म्हणाले, आणि मग, ती दोन पावलं गेल्यावर, “संध्याकाळी मी घरीच आहे.”

ते घरीच असत. सगळ्या संध्याकाळी ते घरीच असत. म्हणूनच ते वाक्य मनात फिरवत ती जिना चढली. टकळी कानाशी कुजबुजत होती, की अगं मूर्ख, एकदा तरी निरोप बघायचास, मी तर तुझं जबड्याचं हाड तीनदा मोडलं आणि दोनदा जोडलं, वर्गातल्या पोरी तुझ्यासाठी पातळ खीर पाठवायला निघाल्या होत्या, त्यांना थोपवता थोपवता माझेच दात पडायची वेळ आली. प्रयोगशाळेत तोच वास होता, गॅसचा, धुतलेल्या काचेचा. त्यांच्या टेबलाशी दोन स्टुलं होती, आणि एकावर टकळीची पिशवी होती. शेजारच्या जोडीची भांडी खरोखरच इकडे सरकली होती, पण त्या पिशवीपर्यंत येऊन थांबली होती. टकळीनं पिशवी उचलली, काही विशेष नसल्यासारखी खाली ठेवली. हिनं कोट चढवला. स्टुलावर बसताना तिला भीती वाटली की ते आपल्याला ओळखणार नाही.

काम असं होतं, की वरच्या नळीतून द्रव थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या काचपात्रातलं रंगहीन पाणी हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही. थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी झाक येते आणि विरून जाते. सर एकेका टेबलाशी थांबून तोंडी प्रश्न विचारत होते. त्यांचा मंद आवाज जवळ येत होता. एक टेबल, मग मधली मोरी, मग हे. तिनं नळीची चावी जवळजवळ बंद केली. एक थेंब टोकाशी लोंबत राहिला, फुगला, पडला. आणि या वेळी झाक विरली नाही. सर तिच्या पाठीशी येऊन उभे होते. इतर प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. “काय रंग आला?” एवढंच विचारलं.

चेहऱ्यांची भिंत पुन्हा उभी राहिली. आजूबाजूची भांडी थांबली आहेत असं तिला वाटलं, ती थांबली नव्हती तरी. घशात शब्द होता. तो आहे तिथेच राहील, मग सर ‘बस’ म्हणतील, मग ती उठून जाईल, आणि खुंटीवर… तिनं जबडा हलवला. दुखलं. “गुलाबी,” असा आवाज आला. कुणा दुसऱ्याचे दात तोंडात बसवल्यासारखा, बोबडा, हवा निसटणारा. “फिका. फिका गुलाबी.” सरांनी काचपात्र उजेडात धरून पाहिलं आणि परत तिच्या हातात दिलं. “बरोबर. आज एवढं पुरे,” ते म्हणाले, “बाकीचं उद्या तासाला विचारीन.” आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

उद्या. त्या शब्दानं पाणी पुन्हा बरगड्यांशी हललं. तिनं काचपात्र खाली ठेवलं आणि श्वास घ्यायला म्हणून खिडकीकडे मान वळवली. फाटकाबाहेर, पलीकडच्या पदपथावर, बाबा अजून उभे होते. ती म्हातारी बाई दवाखान्यात वाट बघत असेल, भिंतीकडे तोंड करून. बाबा कुणाला कधी ताटकळत ठेवत नसत. डबी त्यांच्या काखेत होती. ते खिडकीकडे बघत नव्हते, कुणाकडेच बघत नव्हते. समोर कुणी नसताना त्यांचे ओठ हलत होते, इस्पितळातल्या बाकावर तिचे हलत तसे. ते थांबत, मान हलवून नकार देत, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू करत. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.